स्टोरीलाइन या ऑनलाइन कोर्स बनवायच्या सॉफ्टवेअरमधला कोर्स निवेदनामुळे जड झालाय. ऑडिओ कोणत्या फॉरमॅटमध्ये आणि किती बिटरेटला (सेकंदाला किती किलोबिट, म्हणजे केबीपीएस) ठेवावा?

तुम्ही नाशिकहून विचारलंय की दिंडोरी-निफाडच्या द्राक्ष बागायतदारांसाठी केलेल्या मराठी कोर्समध्ये ३५ मिनिटांचं निवेदन आहे, प्रोजेक्टची फाइल ४०० एमबीच्या पुढे गेली, म्हणून सगळा ऑडिओ ३२ केबीपीएसच्या एमपी३मध्ये बदलला आणि आता आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो.

त्या एमपी३ काढा आणि मूळ, न दाबलेल्या वेव्ह फाइली प्रोजेक्टमध्ये परत घाला. स्टोरीलाइनची प्रोजेक्ट फाइल जड असली तरी शेतकऱ्याच्या मोबाइलवर ती जातच नाही. तिथे जातं ते पब्लिश केलेलं पॅकेज, आणि त्यातला ऑडिओ पब्लिश करताना एमपी३मध्ये बदलला जातो. त्याचा आकार ठरतो तो पब्लिशच्या खिडकीतल्या क्वालिटी सेटिंगमध्ये. तिथे ऑडिओ बिटरेट मुळात ५६ केबीपीएस असतो. मी मराठी निवेदनाला ६४ ठेवतो.

हिशोब सोपा आहे: बिटरेट गुणिले सेकंद, भागिले आठ, की केबी मिळतात. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट स्टिरिओ वेव्ह म्हणजे १४११ केबीपीएस, मिनिटाला साधारण १०.६ एमबी. तुमची ३५ मिनिटं तिथेच ३७० एमबी खातात, चारशेचा आकडा आला तो यातूनच. तोच आवाज ६४ केबीपीएसला मिनिटाला ०.४८ एमबी, म्हणजे सगळं निवेदन १७ एमबीच्या आत. ३२ केबीपीएसला आणखी आठेक एमबी वाचतात. तेवढ्यासाठी आवाज घालवू नका. कोर्स त्यानंतरही जड राहिला, तर दोष व्हिडिओ किंवा फोटोंचा आहे. पब्लिश झालेलं फोल्डर उघडून फाइली आकारानुसार लावा, लगेच कळेल.

एमपी३, ओपस, एएसी हे सगळे फॉरमॅट आवाजातला काही भाग कायमचा टाकून देतात, आणि दर बदलाला नुकसान वाढतं. निवेदकाने व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट पाठवली की ती ओपसमध्ये येते. तुम्ही ती एमपी३ करता, मग स्टोरीलाइनसारखं कोर्स बनवायचं सॉफ्टवेअर ती पुन्हा दाबतं. ६४ची फाइल १९२ला एक्सपोर्ट केल्याने गेलेलं परत येत नाही, फक्त फाइल फुगते. म्हणून निवेदकाला वेव्हच मागा. व्हॉट्सॲपनेच पाठवायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडायला सांगा, तशी ती जशीच्या तशी पोहोचते. दाबायचं ते एकदाच, अगदी शेवटी.

त्याआधी ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये थोडं काम करा. निवेदन एका माणसाचं असेल तर स्टिरिओचा उपयोग नाही. ट्रॅक्स मेनूतल्या मिक्समधून मोनो (एकच चॅनल) करा, वेव्हचा आकार तिथेच निम्मा होतो. मग लाउडनेस नॉर्मलायझेशन चालवून सगळ्या स्लाइड एका पातळीला आणा. मी उणे १६ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो याचं माप) धरतो, आणि मोनोला ड्युअल-मोनो समजण्याचा पर्याय चालू ठेवतो. स्लाइड पुष्कळ असतील तर मॅक्रो (ठरलेल्या कृती आपोआप करणारी यादी) करून सगळ्या फाइली एकदम काढा. सुरुवातीची शांतता छाटायची असेल तर क्यू पॉइंट (कोणतं चित्र कधी यायचं याच्या खुणा) लावण्याआधीच छाटा, नाहीतर चित्रं आणि बोलणं यांचा मेळ सुटतो.

सँपल रेटला (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतात, त्याला) हात लावायची घाई करू नका. ठरलेल्या बिटरेटला एमपी३चा आकार त्याने कमी होत नाही. ११.०२५ किलोहर्ट्झला तर ५.५ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं जातं, आणि ‘स’ची धार तिथेच असते. ‘गंधकाची फवारणी सकाळी करा’ या वाक्याची अशी फाइल करून ऐका. ज्याला औषधाचं प्रमाण ऐकून लक्षात ठेवायचं आहे, त्याला शब्द स्पष्टच मिळाले पाहिजेत.

पंखा बंद करून रेकॉर्डिंग करा, हेही आकाराशी जोडलेलं आहे. कमी बिटरेटला एन्कोडरकडे (आवाज दाबणाऱ्या प्रोग्रामकडे) मोजकेच बिट असतात आणि पंख्याची सरसर त्यातला वाटा घेते. निवेदनाखाली संगीत किंवा ट्रॅक्टरच्या ब्लोअरचा आवाज मिसळला असेल तर ६४ पुरत नाही, ९६ घ्या. माझं मत विचाराल तर संगीत काढूनच टाका.

कॅप्टिव्हेट क्लासिक या कोर्स बनवायच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हीच निवड ऑडिओ सेटिंग्जमध्ये आहे: एफएम ६४, निअर सीडी ९६, सीडी १२८ केबीपीएस. व्हेरिएबलऐवजी कॉन्स्टंट बिटरेट घ्या, टाइमलाइनशी मेळ बसायला तो भरवशाचा. एच५पी हे वेबवरचे धडे बनवायचं साधन मात्र काहीच बदलत नाही. जी फाइल द्याल तीच वाजते, तिथे मोनो, ६४ केबीपीएस एमपी३ स्वतः करून द्यावी लागते. ऑग फॉरमॅटची फाइल जुन्या आयफोनवर वाजत नाही, एमपी३ सगळीकडे वाजते.

निवेदन स्लाइडनिहाय तुकड्यांत ठेवा. ५० सेकंदांची स्लाइड ६४ला सुमारे ४०० केबी होते, बागेतल्या अर्धवट रेंजमध्येही ती उतरते. मोबाइल ब्राउझर बोट लावल्याशिवाय आवाज सुरू करू देत नाही, तेव्हा पहिल्या स्लाइडवर ‘सुरू करा’ बटण हवंच.

आणि कोर्स ज्यावर चढवायचा त्या मूडलने (ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठाने) छोटं झिपही नाकारलं तर ऑडिओ आणखी दाबू नका. मूडल ज्यावर चालतं त्या सर्व्हरवरच्या पीएचपीची मूळ अपलोड मर्यादा (एका फाइलची) २ एमबी आणि पोस्टची (एका वेळी पाठवलेल्या सगळ्याची) ८ एमबी असते. त्या दोन्ही वाढवायला सर्व्हर सांभाळणाऱ्याला सांगा, आणि मूडलमधली साइटची मर्यादाही त्याच वेळी तपासून घ्या.