फ्लूची लस घेतलेल्या ज्येष्ठांमध्ये मृत्यू निम्म्याने कमी होतात, हे खरं का?

लस उपयोगी आहे, पण ‘निम्म्याने’ हा आकडा फुगलेला आहे. आमच्या इंदूरच्या रामबागेतलंच बघा. लस घ्यायला कोण जातं? रोज सकाळी फिरणारे, बीपीची गोळी न चुकवणारे काका-काकू. अंथरुणाला खिळलेल्या आजींना कोण घेऊन जाणार? म्हणजे दोन गट मुळातच सारखे नाहीत.

हे पकडायची एक युक्ती मला फार आवडते: फ्लूची साथ यायच्या आधीचे मृत्यू मोजायचे. तेव्हा लशीला करण्यासारखं काहीच नसतं, त्यामुळे फरक दिसायला नको. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या सुमारे ७२ हजार लोकांच्या नोंदी अशा तपासल्या गेल्या, २००६ मध्ये निष्कर्ष छापून आले. लस न घेतलेल्यांच्या तुलनेत लस घेतलेल्यांचा मृत्यूचा धोका साथीआधी ०.३९ पट, साथीत ०.५६, नंतर ०.७४. सगळ्यात मोठा फायदा साथ यायच्या आधीच दिसला! तो लशीचा नव्हे, मुळातल्या धडधाकट तब्येतीचा.

तुमच्या आईंना डायबिटीस आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यांना लस जरूर द्या, डायबिटीसमध्ये फ्लू जास्त बळावू शकतो.