तळ्यात हंस सोडावेत का?

प्रश्न : आमच्या गावतळ्याचे सुशोभीकरण चालू आहे. शोभेला परदेशी पांढऱ्या हंसांची जोडी सोडायचे घाटते आहे. हिवाळ्यात तळ्यावर चक्रवाक, थापट्या ही बदके येतात. त्यांना त्रास होईल का?
— वाचक, गंगापूर

उत्तर : आधी विक्रेता नेमके काय देतो आहे ते पाहा. 'राजहंस' म्हणून पुष्कळदा पाळीव पांढरा कलहंसच (इंग्रजीत गूज) गळ्यात मारतात. खऱ्या परदेशी पांढऱ्या हंसाची, म्हणजे मूक हंसाची (म्यूट स्वान) चोच नारिंगी, पण बुडाशी काळी असते आणि तिथे काळा फुगवटा असतो. कलहंसाच्या चोचीवर काळे काही नसते.

मूक हंस दिवसाला तीन-साडेतीन किलो ओली पाणवनस्पती खातो. लांब मानेमुळे मीटरभर खोलीपर्यंत पोचतो आणि झाड मुळासकट उपटतो, म्हणून ते पुन्हा फुटत नाही. अमेरिकेत चेसापीक उपसागरावर १९६२ मध्ये पाळलेले पाच हंस सुटले; १९९९ पर्यंत त्यांचे सुमारे चार हजार झाले. वाळूवर घरटी करणाऱ्या सुरय पक्ष्यांची अंडी-पिल्ले त्यांनी तुडवली. शेवटी हंसांच्या अंड्यांना तेल लावून ती निकामी करावी लागली.

आपल्याकडे तसा उद्रेक होणार नाही, ४२ अंशांच्या उन्हात जोडी तगली तरी खूप. पण विणीच्या काळात नर इतर पक्ष्यांना तळ्यातून हुसकावतो. कलहंस असले तर दुसरी धास्ती : पाळीव आणि स्थलांतरित पक्षी एकाच पाण्यात आले की रोगाची देवाणघेवाण होते. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळ मुरुंब्यात कोंबड्यांना बर्ड फ्लू झाला होता, हे ठरावाच्या बैठकीत जरूर सांगा.

खरे नुकसान मात्र हंसांपेक्षा दगडी पिचिंगच (काठाला दगड बसवणे) करील. काठ उभा बांधला की उथळ पाणी आणि चिखल संपला. मग शेकाट्या, तुतवार, चिखल्या उतरणार कुठे? किमान एक तृतीयांश काठ कच्चा सोडायला लावा. उतार दहा फुटांना एक फूट, म्हणजे १५-२० सेंटिमीटर खोल पाण्याचा रुंद पट्टा राहतो. फिरायची वाट आणि दिवे उरलेल्या बाजूला घ्या. कच्च्या काठावर झाडे लावू नका. चिखलातल्या पक्ष्यांना चहूकडचे दिसावे लागते.

प्रश्न : नवी मुंबईतल्या पाणथळी बुजल्या, तर तिकडचे रोहित (फ्लेमिंगो) नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर येतील का?
— वाचक, पैठण

उत्तर : त्यांची भरपाई म्हणून नाही. खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडतो, तेव्हा रोहित चरतात. भरतीने चिखल झाकला की काही तास उभे राहायला जवळचे उथळ पाणी लागते. नेरूळच्या पाणथळींचे मोल त्यासाठी. ती बुजवली की खाडीतले अन्न असूनही उपयोग नाही. शिवाय धरण पावसाळ्याअखेरीस भरलेले असते, उथळ काठ पाणी उतरेल तसा पुढे उघडा पडतो. इथे येणाऱ्या रोहितांना तोच काठ पुरतो.

प्रश्न : गाळपेराच्या (धरणाचे पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या) जमिनीत नांगरताना टिटवीची अंडी दिसतात. उचलून बांधावर ठेवली तर चालेल का?
— वाचक, नेवरगाव

उत्तर : नको. जागा बदलली की टिटवी अंडी सोडून देते, आणि अंडी हलवणे वन्यजीव कायद्यातही बसत नाही. घरट्याभोवती चार-पाच मीटरचा तुकडा तेवढा न नांगरता सोडा. खूण म्हणून काठी रोवायची तर घरट्यापासून दहा-बारा मीटरवर. अगदी जवळ रोवली की कावळे तिच्यावर बसून अंडी हेरतात. सकाळी अकरा ते चार त्या बाजूला औत नेऊ नका. टिटवी उठली की उघडी अंडी उन्हाने शिजतात. उबवण साधारण २८ दिवसांची. पिल्ले फुटली की दिवसभरात चालू लागतात, मग तो तुकडा नांगरायला मोकळा.