जपानच्या शाळेत परदेशी शिक्षिका म्हणून रोजचे जगणे कसे असते?

आपण महाराष्ट्रात काही वर्षे इंग्रजी शिकवले आहे, आता जपानमध्ये सहायक भाषाशिक्षक म्हणून जाण्याची संधी आली आहे, आणि तिथला वर्गाबाहेरचा दिवस कसा जातो, एकटेपणा येतो का, असे आपण विचारले आहे. मी चार वर्षांपासून नागानो प्रांतातल्या एका लहान शहरात राहते आणि तीन प्राथमिक शाळांत आळीपाळीने शिकवते. तोक्योत राहणाऱ्या शिक्षिकेचे उत्तर कदाचित वेगळे येईल.

पहिल्या वर्षी सर्वांत जड गेले ते निरक्षर होणे. आयुष्यभर मुलांना वाचायला शिकवलेल्या मला घरी आलेले पाण्याचे बिलही वाचता येत नव्हते. इथल्या स्टाफरूममध्ये समोर मोठा फळा असतो आणि त्यावर दिवसभराचे बदल लिहिलेले असतात. एका गुरुवारी मी चित्रांची कार्डे घेऊन चौथ्या तासाला वर्गावर गेले, तर वर्ग रिकामा होता. मुले खालच्या मजल्यावर दात तपासून घेण्यासाठी रांगेत उभी होती. तास रद्द झाल्याचे सकाळपासून फळ्यावर लिहिलेले होते आणि मी त्याच फळ्यासमोर बसून चहा घेतला होता. कोणी रागावले नाही, पण त्या दिवसापासून मी रोज सकाळी फळ्यावरचा चिनी चित्राक्षरांच्या जोडीचा एक तरी शब्द वहीत उतरवून घेऊ लागले.

कचऱ्याचीही तीच गोष्ट. जळणारा, न जळणारा, प्लॅस्टिक, काच, कागद असा प्रत्येक कचरा ठरलेल्या पिशवीतून ठरलेल्या वारी सकाळीच ठेवायचा असतो. माझी पहिली पिशवी कागदाची चिठ्ठी चिकटवून जागीच सोडून दिलेली होती. शेजारच्या आजींनी ती माझ्यासमोर उघडली, दुधाचा खोका बाहेर काढला, धुऊन, कापून, सपाट करून दाखवला आणि वाळत ठेवला. त्यांच्या बोलण्यातला एकही शब्द मला कळला नाही, पण काम मात्र पक्के कळले.

म्हणून माझा आग्रह आहे की, तिकीट काढण्याआधी आपण जपानी शिकायला लागावे. मराठी माणसाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. जपानी अक्षरमालेचा क्रम अ, इ, उ, ए, ओ आणि पुढे क, स, त, न, ह, म, य, र, व असा आहे, कारण बौद्ध भिक्षूंनी केलेल्या सिद्धम् या संस्कृतसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या भारतीय लिपीच्या अभ्यासातून तो तिकडे गेला. त्यामुळे त्यांच्या शब्दकोशात शब्द शोधताना आपला हात आपोआप योग्य पानाकडे जातो. क्रियापद आपल्यासारखेच शेवटी येते. ‘ताबेरु’ म्हणजे खाणे, ‘मिरु’ म्हणजे बघणे, आणि ‘ताबेते मिरु’ म्हणजे थेट ‘खाऊन बघणे’. ‘काकु’ म्हणजे लिहिणे, ‘ओकु’ म्हणजे ठेवणे, आणि ‘काइते ओकु’ म्हणजे ‘लिहून ठेवणे’. हे प्रथम लक्षात आले त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही. इंग्रजीतून जपानी शिकवणाऱ्या पुस्तकांत ज्या रचनेला पानभर स्पष्टीकरण द्यावे लागते, ती आपल्या तोंडात जन्मापासून आहे. आपण मराठीतूनच विचार करावा, मध्ये इंग्रजी आणू नये.

शिकवण्याचे काम तसे सोपे आहे. 2020 पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला आणि त्यासाठी वर्षाला 70 तास आहेत. तिसरी-चौथीला 35 तास असतात आणि त्यांत मुख्यतः ऐकणे-बोलणेच असते. तास 45 मिनिटांचा. वर्गशिक्षक मुख्य आणि आपण सहायक, हे मनाने स्वीकारावे लागते. वर्ग एकटीने सांभाळण्याची सवय असलेल्या शिक्षिकेला हे सुरुवातीला लागते, मलाही लागले.

दुपारचे जेवण वर्गातच होते. पांढरे ॲप्रन आणि टोप्या घातलेली मुले स्वतः वाढतात, प्रत्येकापुढे 200 मिलिलिटर दूध असते, आणि सगळ्यांनी मिळून ‘इतादाकिमासु’, म्हणजे ‘नम्रपणे स्वीकारतो’, असे म्हटल्याशिवाय कोणी घास घेत नाही. मी शाकाहारी आहे, आणि इथल्या साध्या भाजीच्या रश्श्यातही बहुधा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, म्हणून मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी डबा नेते. थालीपीठ नेले त्या दिवशी शेजारच्या बाकावरच्या मुलीने, मध्ये भोक का पाडले आहे, असे विचारले. तेल सोडायला, एवढे सांगण्यासाठी मला हातवारे, चित्र आणि पाच मिनिटे लागली, पण संध्याकाळपर्यंत ते सगळ्या शाळेला ठाऊक झाले होते. जेवणानंतर साफसफाई होते. मुले दोन्ही हात फडक्यावर टेकवून, पाठ वर करून, धावत फरशी पुसतात आणि शिक्षकही त्यांत असतात. आपणही पहिल्याच दिवशी फडके हातात घ्यावे.

एकटेपणा येतो, विशेषतः जानेवारी-फेब्रुवारीत, जेव्हा नळातले पाणी गोठू नये म्हणून झोपण्यापूर्वी ते काढून टाकावे लागते आणि साडेचारला अंधारू लागते. सहकारी अत्यंत सभ्य असतात, पण घरी बोलावत नाहीत. संध्याकाळी निघताना ‘ओसाकिनि शित्सुरेइ शिमासु’, म्हणजे ‘तुमच्या आधी निघते, क्षमा असावी’, असे म्हणायचे असते, आणि मागे वळून पाहावे तर निम्म्याहून अधिक शिक्षक अजून वह्या तपासत बसलेले असतात. मराठी ऐकण्यासाठी मी सुट्टीत तोक्योच्या एदोगावा भागात जाते, जिथे निशिकासाई स्थानकाच्या आसपास भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. याच एदोगावाच्या परिषदेवर 2019 साली योगेंद्र पुराणिक निवडून आले आणि पुढे ते इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. मराठी माणूस इथे कायम सहायकच राहतो असे नाही, हे त्यांच्याकडे पाहून मी स्वतःला अनेकदा सांगितले आहे.

करारावर सही करण्यापूर्वी मात्र नीट चौकशी करावी. परदेशी सहायक भाषाशिक्षकांना जपानी शाळांत आणणाऱ्या, 1987 पासून चालू असलेल्या सरकारी जेट योजनेत करार वर्षावर्षाचा असतो आणि जास्तीत जास्त पाच वर्षे राहता येते. शाळांना शिक्षक पुरवणाऱ्या खासगी कंपन्यांच्या अटी निराळ्या असतात. मला आणणाऱ्या कंपनीने ऑगस्टच्या सुट्टीचा निम्मा पगार कापला, आणि तसे कलम करारात जपानीत लिहिलेले होते. सुट्टीतला पगार, आरोग्यविमा आणि घराच्या भाड्याला जामीन कोण राहणार, हे तीन प्रश्न आपण लेखी विचारावेत आणि उत्तरेही लेखीच मागावीत.