जानेवारीत पाहिलेलं घर

प्रश्न : आम्ही मिनियापोलिसजवळच्या एका उपनगरात तीसेक वर्षं राहतो आहोत. ह्यांचं वय 68, माझं 64. गेल्या हिवाळ्यात पत्रपेटीपर्यंत जाताना हे ड्राइव्हवेवरच्या बर्फावर घसरले आणि उजवं मनगट मोडलं. तेव्हापासून त्यांनी ध्यासच घेतला आहे, की आता गरम हवेच्या राज्यात जायचं. यंदा जानेवारीत आम्ही टॅम्पाला मित्रांकडे राहून आलो. तिथे 55 वर्षांवरच्यांसाठी असलेल्या वसाहतीत एक घरही पाहिलं. घर छान आहे, ओळखीची मराठी मंडळी जवळ आहेत. एप्रिलमध्ये इथलं घर विक्रीला काढू, असं हे म्हणतात. फिनिक्सला असलेला पुतण्या म्हणतो, वादळांच्या राज्यात कशाला, इकडे या. मुलगी सेंट पॉलला असते. तिची तीन वर्षांची लेक आठवड्यातून दोन दिवस माझ्याकडे असते. थंडीचा मलाही कंटाळा आला आहे, पण ते घर पाहून आल्यापासून मला धड झोप लागत नाही. जावं का आम्ही?
– एक वाचक, मिनेसोटा

उत्तर : ताई, एप्रिलमध्ये घर विक्रीला काढू नका. जायचं की नाही ते सप्टेंबर संपल्यावर ठरवा. असं का म्हणते ते सांगते.

मी निवृत्त नर्स आहे. नोकरीची सगळी वर्षं शिकागोत काढली आणि आता टॅम्पा बेच्या परिसरात राहते, म्हणजे तुमचे यजमान ज्या वाटेनं येऊ पाहताहेत त्याच वाटेनं आलेली आहे. मला इथे आवडतं. तरीही सांगते, की तुम्ही पाहिलंत ते जानेवारीतलं फ्लोरिडा. त्या दिवसांत दुपारी 70 फॅरनहाइटच्या आसपास हवा असते, लोक अंगणात जेवतात, संध्याकाळी सगळी वसाहत पायी फिरत असते. ऑगस्टमध्ये याच रस्त्यावर दुपारी माणूस दिसत नाही. पारा रोज नव्वदीच्या वर जातो, रात्रीसुद्धा पंचाहत्तरच्या खाली क्वचितच उतरतो, आणि बहुतेक दुपारी विजांसह पाऊस कोसळतो. मुंबईचा जून आठवा. तो जून इथे मेअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत मुक्कामाला असतो. चालायचं तर सकाळी सातच्या आत. पुढचा सगळा दिवस एसी घर, एसी गाडी, एसी दुकान. मिनेसोटात तुम्ही डिसेंबर ते मार्च काचेआडून बाहेर बघता; इथे जून ते सप्टेंबर बघाल. चार महिने कोंडून घेणं दोन्हीकडे आहे. त्यातलं कुठलं तुम्हा दोघांना सोसवेल ते जानेवारीतल्या मुक्कामात कळत नाही.

तुमच्या यजमानांची भीती मात्र मी अजिबात हलकी मानत नाही. डांबरावर बसलेला तो पारदर्शक बर्फ दिसतच नाही, आणि पडताना माणूस हात पुढे टेकतो, म्हणून मनगट जातं. मनगट जुळतं. मला धास्ती असते ती खुब्याच्या हाडाची. शिकागोत हिवाळ्यात असे रुग्ण मी सतत पाहिले आहेत. 2019च्या जानेवारीअखेर तुमच्याकडे पारा उणे 28 फॅरनहाइटपर्यंत उतरला होता. अशा हवेत राहून थकलेल्या माणसाला कुणी ‘जरा सहन करा’ म्हणू नये. पण दोन गोष्टी त्यांना माझ्या नावानं सांगा. घराबाहेर पडलेल्यांपेक्षा घरात, रात्री बाथरूमला उठताना पडलेली वयस्क माणसं मी जास्त पाहिली, आणि बाथरूम तर प्रत्येक राज्यात आहे. दुसरं, उष्णतेनंही माणसं पडतात. ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आधीच शरीरातलं पाणी आणि मीठ कमी होत असतं. त्यात घाम गेला की उभं राहताना चक्कर येते आणि माणूस खाली जातो. वयाबरोबर तहानही कमी लागते, त्यामुळे पाणी कमी पडतंय हे लक्षात येत नाही. ते कुठल्या गोळ्या घेतात ते तुम्ही लिहिलेलं नाही. गरम राज्यात राहायला जायचा विचार आहे असं त्यांच्या डॉक्टरांना आत्ताच सांगा आणि गोळ्यांची यादी समोर ठेवून बोला.

याच कारणासाठी फिनिक्सचं मला पटत नाही. तिथली हवा कोरडी, सांधे दुखणाऱ्यांना बरी वाटते, चक्रीवादळं नाहीत, पुतण्या जवळ आहे, हे सगळं मान्य. पण 2023च्या उन्हाळ्यात तिथे सलग 31 दिवस पारा 110 फॅरनहाइट किंवा त्याच्या वर होता, म्हणजे आपल्याकडचे 43 अंश. 2024 मध्ये सलग 113 दिवस शंभरी सुटली नाही. फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत येतं तिथे 2023 या एका वर्षात उष्णतेमुळे 645 मृत्यू नोंदले गेले. कोरड्या हवेत घाम अंगावर दिसतच नाही, लगेच उडतो. म्हणून आपल्या लोकांना तिथे धोका उशिरा कळतो. फिनिक्स हवंच असेल तर डिसेंबर ते मार्च पाहुणे म्हणून जा.

आता टॅम्पाच्या घराचा हिशेब. इथे राज्याचा आयकर नाही आणि मिनेसोटाचा वरचा दर 9.85 टक्के आहे, हे मित्रांनी सांगितलंच असेल. पण तो वरचा दर मोठ्या उत्पन्नाला लागतो. निवृत्त जोडप्याचं उत्पन्न सहसा तिथवर पोचत नाही. गेल्या वर्षी राज्याला प्रत्यक्ष किती कर भरलात तो आकडा काढा आणि त्याच्या शेजारी फ्लोरिडातल्या घराच्या विम्याचा आकडा लिहा. विम्यात नीट पाहायची गोष्ट म्हणजे चक्रीवादळाचं नुकसान झालं तर आधी तुमच्या खिशातून जाणारी रक्कम. ती बहुधा ठरावीक नसते, घराच्या विमा रकमेच्या टक्क्यांत असते. चार लाख डॉलरच्या विम्यावर दोन टक्के म्हटले तरी आठ हजार डॉलर. पुराचं पाणी घरात शिरलं तर नेहमीचा गृहविमा काहीच देत नाही. त्याचा विमा वेगळा. केंद्र सरकारच्या पूरविमा योजनेत घराच्या बांधकामाला अडीच लाख डॉलरपर्यंतच संरक्षण मिळतं, आणि नवी पॉलिसी साधारणपणे तीस दिवसांनी लागू होते. वादळाची बातमी ऐकून विमा घ्यायला धावलात तर उपयोग नाही.

हे नुसतं कागदावरचं नाही. 2024च्या सप्टेंबरअखेर हेलीन वादळाचं समुद्राचं पाणी टॅम्पा बेच्या काठच्या घरांत शिरलं. लोकांनी भिजलेल्या गाद्या आणि कपाटं रस्त्याच्या कडेला काढून ठेवली होती, ती उचलली जाण्याआधीच 9 ऑक्टोबरला मिल्टन आलं. आम्हीही तेव्हा घर सोडून उत्तरेला गेलो. गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या, कितीतरी पंपांवर पेट्रोल संपलेलं. मी एरवी घाबरणारी नाही, पण औषधांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असताना सत्तरीच्या माणसांनी हे दरवर्षी करावं का, असं मनात आलंच. म्हणून पाहिलेलं घर कुठल्या इव्हॅक्युएशन झोनमध्ये आहे, म्हणजे वादळात घर सोडायचा आदेश तिथे कितव्या क्रमानं निघतो (ए सगळ्यात आधी), ते पत्ता घालून बघा. ए किंवा बी असेल तर त्या घराचा नाद सोडा. स्वतंत्र घराऐवजी मोठ्या इमारतीतला फ्लॅट घ्यायचं मनात आलं, तर आणखी एक कागद मागा. 2021च्या जूनमध्ये मायामीजवळ सर्फसाइडला इमारत कोसळून 98 माणसं गेली. त्यानंतर तीन मजली आणि त्याहून उंच इमारतींना तपासणी आणि दुरुस्तीचा राखीव निधी बंधनकारक झाला. निधी कमी असेल तर पैसे राहणाऱ्यांकडूनच मागितले जातात, कधी एकदम हजारोंनी. खरेदीच्या आधी त्या तपासणीचा आणि निधीचा अहवाल वाचा.

मेडिकेअरबद्दल, म्हणजे पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्यविम्याबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या वयामुळे सांगायलाच हवं. पासष्टी पूर्ण होऊन मेडिकेअरचं पार्ट बी (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) सुरू झालं की पहिले सहा महिने मेडिगॅप, म्हणजे मेडिकेअरमधून न मिळणारा खर्च भरून काढणारी खासगी पॉलिसी, घ्यायला तुम्हाला कुठलीही कंपनी तब्येतीच्या कारणावरून नाकारू शकत नाही. ती खिडकी बंद झाली की पुढे जुन्या आजारांची चौकशी होऊ शकते. मिनेसोटातल्या मेडिगॅप योजनांची रचना बहुतेक राज्यांपेक्षा वेगळी आहे, त्यामुळे मैत्रिणीची फ्लोरिडातली योजना बघून स्वतःची ठरवू नका. तुमच्या यजमानांची मेडिकेअर अॅडव्हांटेज (खासगी कंपनीमार्फत मिळणारी मेडिकेअर) असेल तर ती ठरावीक काउंट्यांपुरती असते. राज्य बदललं की योजना नवी, आणि मनगट पाहणारे, रक्तदाब पाहणारे डॉक्टरही नवे. मिनेसोटात ‘सीनियर लिंकेज लाइन’ आणि फ्लोरिडात ‘शाइन’ या सेवा हा सल्ला फुकट देतात. दोन्हीकडे फोन करा.

आता तुमच्या पत्रातल्या झोपेबद्दल. तुम्ही नातीबद्दल एकच वाक्य लिहिलंत आणि लगेच पुढे गेलात. मला ते वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तीन वर्षांचं मूल आठवड्यातून दोन दिवस आजीकडे असतं, तेव्हा ते आजीच्या हातचा वरणभात खातं, आजीच्या भाषेत बोलतं. ही वर्षं व्हिडिओ कॉलवर भरून निघत नाहीत. मिनियापोलिस ते टॅम्पा विमानानं सव्वातीन-साडेतीन तासांचं अंतर आहे, पण मुलगी नोकरी आणि मूल सांभाळून वर्षातून किती वेळा येईल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मी इथल्या रुग्णालयांत स्वयंसेवक म्हणून जाते. एक आयसीयूत, दुसरा बाहेरच्या खुर्चीत एकटा, आणि मुलं विमानतळावर अडकलेली, अशी जोडपी इथे फार आहेत. मित्र येतात, डबा आणतात, फार जीव लावतात. पण तेही सत्तरीचे आहेत, त्यांचंही रात्रीचं ड्रायव्हिंग सुटत चाललं आहे.

मात्र मुलीला स्पष्ट विचारा, की पुढची पाच-सात वर्षं ती सेंट पॉललाच राहणार आहे का. जावयाची नोकरी सिअॅटलला गेली तर माझा हा सगळा युक्तिवाद कोसळतो, आणि मग मित्रांचं टॅम्पा किंवा सौम्य हिवाळ्याचं नॉर्थ कॅरोलिना, केरी-मॉरिसव्हिलची बाजू, जिथे आपली वस्ती मोठी आहे, तेही बघायला हवं.

यजमानांशी बोलताना फ्लोरिडा की मिनेसोटा असा वाद घालू नका. उजवा हात प्लास्टरमध्ये असताना शर्टाची बटणंसुद्धा दुसऱ्यानं लावायची, हे पुरुषांना फार लागतं. मी ते जवळून पाहिलं आहे. त्यांना बर्फाची भीती आहे की परावलंबी होण्याची, हे शांतपणे विचारा. परावलंबी होण्याची असेल तर उत्तर राज्य बदलण्यात नाही, घर बदलण्यात आहे.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं ते सांगते. सेंट पॉलच्या बाजूला एकमजली टाउनहाऊस किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीतला फ्लॅट बघितला असता, जिथे गरम केलेलं गॅरेज आहे, पत्रपेटी आत आहे आणि स्नो काढायचं काम असोसिएशनचं आहे. अडुसष्टाव्या वर्षी तुमच्या यजमानांनी फावडं हातात घेऊ नये. गार हवेत जड स्नो उचलताना हार्ट अटॅक येतात, हे मी नर्स म्हणून बजावून सांगते. आणि जानेवारी ते मार्च टॅम्पाला भाड्यानं घर. दोन्हीकडे घरं विकत घेऊन दोन छपरांची काळजी नको. दक्षिणेत मुक्काम 183 दिवसांपेक्षा कमी राहिला आणि घर मिनेसोटातच असलं, तर करांच्या दृष्टीनं तुम्ही मिनेसोटाचेच राहता. त्यातून पळवाट शोधायच्या भानगडीत पडू नका.

तरीही त्यांना कायमचं इकडे यायचंच असेल, तर तुम्हाला त्यांचं मन मोडायचं नसणार, हे समजते. मग यंदा जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत त्याच वसाहतीत भाड्यानं राहा. उन्हाळ्यात इथे भाडी उतरलेली असतात. वादळांचा जोर 10 सप्टेंबरच्या आसपास सर्वाधिक असतो, तो काळ त्यात येईल. पाहुण्यासारखे राहू नका. किराणा आणा, नव्या डॉक्टरांची पहिली वेळ मिळायला किती आठवडे लागतात ते बघा, दुपारी चार वाजता पावसात गाडी चालवा, गणपतीत मंडळात जा. यजमानांना ऑगस्टमध्येही तितकाच उत्साह असला आणि तुम्हाला तिथे झोप लागली, तर मी स्वतः तुमच्यासाठी चांगला झोन बघून देईन. घराच्या एजंटला मात्र या आठवड्यातच कळवा, की एप्रिलचा बेत रद्द आहे.