वाचकांचे प्रश्न : फुप्फुसातली गाठ आणि एक मिलिमीटरचा फरक

प्रश्न : आई 58 वर्षांची आहे, तिला कसलंच व्यसन नाही. खोकल्यासाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात 6 मिलिमीटरची भरीव गाठ दिसली. सहा महिन्यांनी दुसऱ्या सेंटरवर लो-डोस सीटी काढला, त्यात 7 मिलिमीटर लिहिलं आहे. गाठ वाढते आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नुसत्या या दोन आकड्यांवरून ते ठरत नाही. फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या प्रतिमातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 2017च्या नियमांनुसार गाठीची लांबी आणि तिला काटकोनात असलेली रुंदी एकाच प्रतिमेवर मोजतात, दोन्हींची सरासरी काढतात आणि ती जवळच्या पूर्ण मिलिमीटरला आणतात. समजा, एकाने 7.6 × 5.2 मोजलं, तर सरासरी 6.4, म्हणून रिपोर्टात 6. दुसऱ्याने त्याच गाठीची रुंदी 5.6 धरली, की सरासरी 6.6 आणि रिपोर्टात 7. गाठ जिथल्या तिथे, आकडा मात्र बदलला. इतक्या लहान गाठीत एवढी तफावत नेहमीच पडते. म्हणून व्यास किमान 2 मिलिमीटरने वाढल्याशिवाय हे नियम त्याला वाढ म्हणत नाहीत.

तरीही ‘काही नाही, सोडून द्या’ असं आम्ही म्हणणार नाही. गोल गाठीचा व्यास 6चा 7 झाला, तर तिचं आकारमान 113 वरून 180 घन मिलिमीटर होतं, म्हणजे जवळजवळ साठ टक्के वाढ. ती खरी असेल, तर गाठीचं आकारमान दुप्पट व्हायला साधारण 270 दिवस लागतील. 400 दिवसांच्या आत दुप्पट होणारी गाठ कॅन्सरच्या दृष्टीने संशयास्पद मानतात. तेव्हा आधी मोजमापाची शंका फेडून घ्या.

त्यासाठी दोन्ही सेंटरांकडून स्कॅनची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागा. छापील फिल्मवर मोजून उपयोग नाही. मागताना ‘1 ते 1.5 मिलिमीटर जाडीच्या स्लाइस (म्हणजे स्कॅनमधले काप) द्या’ असं स्पष्ट सांगा. पहिला स्कॅन बहुधा 5 मिलिमीटरच्या स्लाइसवर वाचला गेला असेल. त्या जाडीत 6 मिलिमीटरची गाठ जेमतेम एक-दोन प्रतिमांत येते, कडेची हवा आणि गाठ यांची सरासरी होऊन कडा पुसट होते आणि आतलं कॅल्शियमही लपू शकतं. ते दिसणं आपल्याकडे फार मोलाचं आहे, कारण क्षयाच्या जुन्या व्रणातून राहिलेल्या गाठी इथे पुष्कळ सापडतात. संपूर्ण गाठ किंवा तिचा गाभा एकसारखा कॅल्शियमने भरलेला असेल, तर ती सहसा निरुपद्रवी असते.

मग एकाच रेडिओलॉजिस्टने दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावून, लंग विंडोमध्ये (फुप्फुस नीट दिसावं अशा उजेड-छटांच्या मांडणीत), त्याच दिशेने पुन्हा मोजावेत. दुसऱ्या विंडोत गाठ लहान दिसते. पुढच्या स्कॅनची तारीख हे मोजमाप हाती आल्यावर छातीविकारतज्ज्ञ ठरवतील. आईंना पूर्वी कॅन्सर झालेला असेल, थुंकीतून रक्त पडत असेल किंवा वजन उतरत असेल, तर मात्र थांबू नका. अशा रुग्णांसाठी वरचा हिशेब लागू नाही.

प्रश्न : लो-डोसमध्ये किरणं कमी, मग मापही कच्चंच ना?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भरीव गाठीसाठी नाही. छातीच्या नेहमीच्या सीटीत साधारण 5 ते 7 मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग होतो, लो-डोसमध्ये सुमारे 1 ते 1.5. डोस उतरला की प्रतिमेत दाणेदारपणा येतो. पण भोवती हवा आणि मध्ये घट्ट गाठ, हा फरक इतका ठळक असतो की कडा सापडते. अडचण येते ती धुरकट, काचेसारख्या दिसणाऱ्या गाठींत आणि स्थूल रुग्णांत. फुप्फुसाच्या शेंड्यालाही खांद्याच्या हाडांमुळे रेघोट्या उमटतात. आमच्या मते डोसपेक्षा श्वास जास्त माप बिघडवतो. एकदा पूर्ण भरलेला आणि एकदा अर्धाच भरलेला श्वास असेल, तर तुलना फसते. टेबलावर जाण्याआधी दोन-तीनदा श्वास रोखायचा सराव करा.

प्रश्न : एका सेंटरच्या सॉफ्टवेअरने गाठ 165 घन मिलिमीटर दाखवली, तीन महिन्यांनी दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरने 210. हे तर आकारमान आहे, अचूकच असणार?
— एक वाचक, बंगळूर

उत्तर : आकारमानाचं माप व्यासापेक्षा बरं, हे खरं. नेदरलँड्स-बेल्जियममधल्या नेल्सन या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या तपासणीवरील चाचणीत त्याच आधारावर निर्णय घेतले गेले आणि 25 टक्क्यांहून कमी बदल वाढ मानला गेला नाही. तुमचा फरक 27 टक्के आहे, पण सॉफ्टवेअरच वेगळं असल्यामुळे तो ग्राह्य धरता येत नाही. प्रत्येक प्रोग्रॅम कडा आपल्या पद्धतीने ठरवतो. गाठीला चिकटलेली रक्तवाहिनी किंवा फुप्फुसाचं आवरण एकाने आत धरलं आणि दुसऱ्याने वगळलं, की आकडा सहज बदलतो. गाठीभोवती सॉफ्टवेअरने आखलेली रंगीत रेघ स्क्रीनवर दाखवायला सांगा. ती वाहिनीवर चढलेली असेल, तर तो आकडा बाजूला ठेवा. दोन्ही स्कॅन एकाच सॉफ्टवेअरच्या एकाच आवृत्तीवर चालवून घ्या. त्यासाठी नवा स्कॅन लागत नाही, जुन्या सीडी पुरतात.