दरांचा तक्ता: गिऱ्हाईक फोनवर विचारतं तेच ओळीत लिहा

प्रश्न : ताई नमस्कार. माझं सांगलीत विश्रामबागला वॉटर प्युरिफायर सर्व्हिसिंगचं काम आहे, मिरज, कुपवाड, माधवनगरपर्यंत जातो. वर्षाच्या एएमसीचे (देखभालीच्या कराराचे) तीन प्लॅन आहेत, १,२००, २,५०० आणि ४,५०० चा. भाच्याने वेबसाइट करून दिलीय, त्यावर तिन्ही प्लॅनचा तक्ता कॅनव्हात बनवून फोटो म्हणून टाकलाय (सोबत पाठवतोय). लोक वेबसाइट बघतात आणि तरी फोन करून तेच विचारतात, नक्की फरक काय. तक्त्यात काय चुकतंय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : दादा, नमस्कार. तक्ता बघितला. दिसायला छान आहे, पण माणसाला जे हवंय तेच त्यात नाहीये. तिन्ही रकान्यांत "अनुभवी टेक्निशियन", "तत्पर सेवा", "ओरिजिनल पार्ट" आणि समोर हिरव्या बरोबरच्या खुणा. आता तिन्हीकडे बरोबर असेल तर बघणाऱ्याने १,२०० सोडून ४,५०० का द्यावेत? जे सगळ्या प्लॅनमध्ये सारखं आहे ते तक्त्यातून काढा आणि वर एका वाक्यात लिहून टाका. तक्त्यात फक्त फरक राहू द्या.

मग ओळी कुठून आणायच्या? तुमचं व्हॉट्सॲप उघडा आणि एएमसीबद्दल लोकांनी काय काय विचारलंय ते वाचून काढा. मेंब्रेन (प्युरिफायरमधली सगळ्यात बारीक गाळणी) धरून आहे का, पंप गेला तर पैसे वेगळे का, आमच्याकडे बोअरचं पाणी आहे चालेल का, फोन केल्यावर कधी येणार, तासगावला येता का, जीएसटी वरून लागणार का. हे लोकांचे स्वतःचे शब्द आहेत, हेच ओळींना द्या. "कॉम्प्रिहेन्सिव्ह कव्हरेज" असलं काही लिहू नका, मिरजेतल्या काकूंना त्यातून मेंब्रेन मिळणार की नाही ते कळत नाही.

आणि चौकटीत नुसती खूण नको, आकडा किंवा शब्द हवा. सर्व्हिस व्हिजिट वर्षाला २ की ४. सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर किती वेळा बदलून मिळणार. मेंब्रेनवर तर तुमचे सगळे वाद होत असणार, कारण ते किती टिकेल हे पाण्यावर असतं, बोअरच्या जड पाण्याला लवकर चोक होतं आणि नळाच्या पाण्याला जास्त चालतं. तिथे "✓" टाकलं की गिऱ्हाईक समजतं कितीही वेळा फुकट, तुमच्या मनात असतं एकदाच, आणि सहा महिन्यांनी दारात भांडण. "वर्षातून एकदा, पुढच्या वेळी पैसे वेगळे" असं तिथेच लिहा, आणि बोअरसाठी अट वेगळी असेल तर तीही त्याच चौकटीत लिहा, खाली बारीक अक्षरात नको. जे मिळणार नाही तिथे चौकट रिकामी न सोडता "नाही" लिहा. माझ्या मते तर या "नाही"मुळेच तक्त्यावर विश्वास बसतो.

आता पैशांचं. तुमच्या फोटोत खाली छोटं "टॅक्स एक्स्ट्रा" आहे, ते मला अजिबात आवडलं नाही. जीएसटी नोंदणी असेल आणि १८ टक्के लावत असाल तर २,५०० च्या प्लॅनला माणूस प्रत्यक्षात २,९५० देणार आहे, मग मोठ्या अक्षरात २,९५० च लिहा आणि खाली फोड द्या. वेबसाइटवरच पैसे घेणार असाल तर एकूण किंमत एकाच आकड्यात आणि सोबत फोड, हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतच आहे. आधी कमी दाखवून शेवटी वाढवायचं याला २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या (गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या वेबसाइटवरच्या युक्त्यांच्या) मार्गदर्शक सूचनांमध्ये ड्रिप प्रायसिंग म्हटलंय आणि ते चालत नाही. नोंदणी नसेल तर जीएसटी घेताच येत नाही, मग ती ओळ उडवाच. माधवनगरच्या पुढे गाडीखर्च घेत असाल तर तोही तक्त्यातच हवा. मधल्या प्लॅनवर "सर्वाधिक लोकप्रिय" लिहिलंय, ते तुमच्या वहीत खरंच तसं असेल तरच ठेवा.

आणि तो फोटो काढून टाका. फोनवर माणूस दोन बोटांनी मोठा करत बसतो, अक्षरं फुटतात, ज्यांना दिसत नाही त्यांचा स्क्रीन रीडर त्यातलं काही वाचू शकत नाही, आणि दर बदलला की भाच्याला पुन्हा गाठा. खरा एचटीएमएल टेबल, म्हणजे वेबपानाच्या कोडमध्येच अक्षरांत लिहिलेला तक्ता, करायला सांगा. वर्डप्रेस असेल तर टेबलचा ब्लॉक आहेच, त्यात हेडरची ओळ चालू करायची. हाताने लिहिणार असेल तर प्लॅनची नावं आणि डावीकडचे प्रश्न दोन्ही टीएच टॅगमध्ये (मथळ्याच्या चौकटीचा कोड) आणि त्यांना स्कोप द्यायचा, म्हणजे मथळा कशाचा ते सांगायचं, वरच्यांना कॉलम, डावीकडच्यांना रो, म्हणजे स्क्रीन रीडर प्रत्येक चौकटीसोबत हे कुठल्या प्लॅनचं आणि कशाबद्दल ते सांगतो.

मोबाइलवर मराठीतले चार रकाने मावत नाहीत, अक्षर बारीक करून ते कोंबू नका. टेबलाला बाहेरून एक डबा द्यायचा, त्याला ओव्हरफ्लो ऑटो, म्हणजे पान जागेवर राहतं आणि टेबल तेवढं आडवं सरकतं, आणि डावा रकाना स्टिकी करायचा, सरकवलं तरी जागेवर राहणारा, म्हणजे कुठली ओळ वाचतोय ते सुटत नाही. भाच्याला दोन गोष्टी आठवणीने सांगा, स्टिकी रकान्याला बॅकग्राउंड रंग द्यायचा नाहीतर मागची अक्षरं त्यातून दिसतात, आणि बॉर्डर कोलॅप्स (शेजारच्या चौकटींच्या रेघा एकत्र) ठेवली तर सरकवताना त्या रकान्याच्या रेघा गायब होतात, म्हणून सेपरेट ठेवून मधलं अंतर शून्य करायचं. प्रत्येक प्लॅनखाली व्हॉट्सॲपचं बटण द्या आणि मेसेजमध्ये प्लॅनचं नाव आधीच भरलेलं ठेवा.

प्रश्न : साताऱ्यात आमचं कंदी पेढ्यांचं दुकान आहे. वेबसाइटवर पाव, अर्धा आणि एक किलो बॉक्सचे दर टाकतोय. शेजारच्या दुकानांचे दर पण टेबलात टाकले तर आमचं स्वस्त दिसेल, टाकू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नका टाकू. त्यांनी उद्या दर बदलला की तुमचा तक्ता खोटा ठरतो, आणि खोटी तुलना म्हणजे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दिशाभूल करणारी जाहिरात. तो बदल रोज कोण बघत बसणार?

त्याऐवजी तुमच्याच तीन बॉक्सची तुलना नीट करा. बॉक्सच्या किमतीशेजारी किलोला काय पडतं तो रकाना हवाच, कारण पाव किलोला डब्याचा खर्च धरल्यावर किलोचा दर चढा येतो आणि लोक ते मनात काढतातच. मग किती दिवस टिकतात, फ्रिजबाहेर किती आणि आत किती. आणि कुरिअर. पुण्या-मुंबईला पाठवायचा खर्च बॉक्सप्रमाणे तिथेच लिहा, कारण सणाला लेकीकडे पेढे पाठवणारा माणूस सगळ्यात आधी तेच बघणार.