पदवीच्या वर्गात पोर्टफोलिओवरून गुण कसे द्यावेत?

बी.ए.च्या साठ मुलांसाठी अंतर्गत गुणांकरता पोर्टफोलिओ, म्हणजे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या कामांची फाइल, ठेवायचा आहे, पण त्याचं एकमेकांचं बघून उतरवलेलं जर्नल होऊ नये, मग आखणी कशी करावी, असं तुम्ही विचारलंय. मी पदवीला अर्थशास्त्र शिकवते आणि अंतर्गत गुण पोर्टफोलिओवरच देते, त्या अनुभवावरून सांगते.

आधी कागद कमी मागा. सत्रभराचं सगळं लावायला सांगितलं की फाइल फुगते आणि गुणही नकळत जाडीलाच पडतात. मी तीनच कामं मागते, तीही विद्यार्थ्याने स्वतः निवडलेली. प्रत्येकाचा कच्चा खर्डा आणि सुधारलेली प्रत, दोन्ही जोडायचे. काय बदललं आणि का, ते अर्ध्या पानात लिहायचं. सर्वांत जास्त गुण या अर्ध्या पानाला ठेवा.

एक नमुना सांगते. गावातल्या घरखर्चाच्या पाहणीसाठी एका मुलीने पहिल्या प्रश्नावलीत सरळ विचारलं होतं, ‘तुमचं मासिक उत्पन्न किती?’ बरेच रकाने कोरे आले. दुसऱ्या खर्ड्यात तिने गेल्या महिन्याचा किराणा, गॅस, दवाखाना, मुलांची फी असं सुटं सुटं विचारलं. टिपणात लिहिलं होतं, ‘मजुरी कधी मिळते, कधी नाही, त्यामुळे महिन्याचा आकडा त्यांनाच सांगता येईना. दुकानदाराची उधारी मात्र तोंडपाठ होती.’ आपल्याकडे गरिबीचे अंदाज उत्पन्नाऐवजी उपभोग खर्चाच्या पाहण्यांवरून का बांधले गेले, हे वर्गात शिकवून झालं होतं; तिला ते दारोदार फिरून उमगलं. तीन तासांच्या पेपरात हे दिसायला जागाच नाही.

नकलेची तुमची भीती रास्त आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात पीटर एल्बो आणि पॅट बेलानॉफ यांनी १९८० च्या दशकात लेखनाच्या परीक्षेऐवजी पोर्टफोलिओ आणला. त्यात सुधारलेल्या लेखांबरोबर वर्गात बसून लिहिलेला एक लेखही लागायचा, आणि वाचायचे दुसरे शिक्षक. हे दोन्ही आपल्याकडेही सहज जमतं. वर्गातलं लेखन बाकीच्या कामाशी अजिबात जुळत नसेल, तर त्या मुलाला त्याच्याच फाइलीवर पाच मिनिटं तोंडी प्रश्न विचारा. मोबाइलवरून उतरवलेलं असेल तर दुसऱ्या प्रश्नालाच कळतं. काठावरच्या फाइली विभागातल्या एखाद्या सहकाऱ्याला वाचायला द्या.

निकष पहिल्या आठवड्यातच लेखी द्या, चार पुरेत. आणि सत्राच्या मध्यावर सगळ्या फाइली एकदा बघाच, गुण न देता, नुसते शेरे मारून. रोज पाच-सहा घेतल्या तर जड जात नाही. शेवटच्या आठवड्यात एकदम साठ आल्या तर कुणाच्याने वाचवत नाहीत, आणि मुलांच्या हातातही सुधारायला वेळ उरलेला नसतो.